फान ख्वानच्या चित्रातली माणसं एवढी लहान का?

दवबिंदू
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय.

डिसेंबरात तैपेईला जाणं झालं. तिथल्या राष्ट्रीय प्रासाद संग्रहालयात अर्धा दिवस काढला. ज्या चित्राच्या ओढीने गेले होते ते मात्र तेव्हा मांडलेलं नव्हतं. हजार वर्षांचं रेशीम ते, उजेडात फार दिवस ठेवत नाहीत. थोडे आठवडे लावतात, मग मोठी विश्रांती. म्हणून छापील प्रत घेऊन आले. चित्राचं नाव 'शीशान शिंगल्यू थू', म्हणजे ओढ्या-डोंगरांतले वाटसरू. चित्रकार फान ख्वान, चीनमधल्या उत्तर सुंग घराण्याच्या काळातला, इ.स. १०००च्या आगेमागे होऊन गेलेला.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उभं चित्र. वरचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग एकाच डोंगराने भरलेला, अगदी छातीवर आल्यासारखा. उजवीकडच्या घळीतून एक बारीक पांढरी धार सरळ खाली येते. डोंगराच्या पायथ्याशी धुकं आहे, त्याच्या अलीकडे झाडी, झाडीतून डोकावणारी मंदिराची छपरं, ओढा आणि मोठाले खडक. आणि अगदी तळाशी उजवीकडून येणारी चार लादलेली खेचरं आणि दोन माणसं. ती शोधायला मला पाच मिनिटं लागली!

चित्राचं नाव वाटसरूंचं आणि वाटसरूच सापडत नाहीत. असं का? 'माणूस किती क्षुद्र' एवढंच सांगायचं असेल का त्याला? मला पाहताना तसं वाटलं नाही, पण का नाही वाटलं ते सांगता येत नाहीये. जाणकारांनी लिहावं.

ढगफुटी
मस्त धागा. वाखू (वाचनखूण) साठवली.

वामनकाका
दवबिंदूताई, उत्तर तुम्हीच दिलंय की. निसर्गापुढे माणूस मुंगीएवढा. आपल्याकडेही विश्वरूपदर्शनात अर्जुनाची काय अवस्था होते? तेच हे. फार खोलात जायची गरज नाही.

कातळवाट
काका, आदर ठेवून असहमत.

कोकणकड्याच्या माथ्यावर सगळेच जातात, पण मी दोनदा खालून, नळीच्या वाटेने चढलोय. मान वर करून कडा पाहताना पहिली पाच मिनिटं छाती दडपते हे खरं. पण नंतर आपण चालायला लागतो. पुढचा दगड, पुढचं पाऊल, पाणी किती उरलंय, अंधाराच्या आत पोचतोय का. क्षुद्र वगैरे वाटायला सवड नसते. अर्जुन थरथरत हात जोडून उभा होता. या चित्रातली माणसं थरथरत नाहीत आणि वरही बघत नाहीत. खेचरं हाकताहेत. त्यांचा तो रोजचा रस्ता आहे.

म्हणून मला हे चित्र भीतीचं वाटत नाही. कामावर निघालेल्या माणसांचं वाटतं.

दवबिंदू
कातळवाट, हे अगदी पटलं. ती वर बघत नाहीत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

उलटतपासणी
पण मग चित्रकाराने त्यांना मोठं का नाही काढलं? कामावर निघालेली माणसंच दाखवायची होती तर डोंगर मागे ठेवून पुढे माणसं काढता आली असती. कातळवाट यांचा मुद्दा सुंदर आहे, पण मूळ प्रश्न 'लहान का' हा आहे आणि तो तसाच राहिला.

मसीपात्र
थोडं लांब लिहिते, सांभाळून घ्या.

यजमानांच्या नोकरीमुळे तीन वर्षं हांगचौमध्ये होते. तिथे आमच्याच इमारतीतल्या एक निवृत्त बाई शाईचित्रं शिकवायच्या. पहिले दोन महिने फक्त दगड काढले. झाड नाही, माणूस तर नाहीच. दगडाला तीन बाजू दिसल्या पाहिजेत म्हणायच्या. नाहीतर तो दगड नाही, बटाटा.

शाई बाटलीतली नव्हे. काजळी आणि सरस मळून केलेली वडी असते. दगडी उगाळणीवर पाण्याचे थेंब टाकून ती उगाळायची, आपण सहाणेवर चंदन उगाळतो अगदी तशी. पाइनच्या धुराची काजळी निळसर, मंद काळी, तर तेलाच्या दिव्याची काजळी जरा उबदार आणि चकाकणारी. आपल्याकडे पोथ्यांच्या शाईत काजळाबरोबर डिंक असायचा, तिथे जनावराच्या कातड्याचा सरस. सरसामुळे शाई वाळली की पक्की होते, वरून ओला कुंचला फिरवला तरी सहसा सुटत नाही. त्यामुळे थरावर थर देता येतो. फान ख्वानच्या डोंगराचं वजन या थरांतून आलेलं आहे.

आता त्याच्या डोंगराची कातडी पाहा. चित्र मोठं करून बघाल तर सगळ्या कड्यावर बारीक बारीक टोचल्यासारखे ठिपके दिसतील. कुंचल्याचं टोक दाबून उचलायचं, पुन्हा दाबायचं, हजारो वेळा. याला 'पावसाच्या थेंबांचे त्सुन' म्हणतात. त्सुन म्हणजे खडकाचा पोत दाखवणारे फटकारे. प्रत्येक प्रदेशाच्या खडकाला वेगळा त्सुन. दक्षिणेकडच्या मऊ मातीच्या टेकड्यांना 'सुटलेल्या तागाचे' लांब धागे. कठीण उभ्या कड्यांना 'कुऱ्हाडीचे घाव', म्हणजे कुंचला आडवा धरून ओढलेले तिरके तासीव फटकारे. ली थांगचं ११२४चं एक मोठं चित्र याच संग्रहालयात आहे, पाइनच्या झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याचं, त्यात हे घाव बघा.

फान ख्वान उत्तरेकडचा, आजच्या शेन्सी प्रांतातला. चुंगनान आणि ह्वाशानच्या डोंगरांत जाऊन राहिला. ह्वाशान म्हणजे उघडा ग्रॅनाइट. आधी तो जुन्या चित्रकारांच्या नकला करायचा. मग त्याच्या लक्षात आलं की माणसाला गुरू करण्यापेक्षा वस्तूंना गुरू करावं, आणि वस्तूंपेक्षाही आपल्या मनाला. असं त्याच्याबद्दल जुन्या चिनी ग्रंथांत लिहून ठेवलंय. 'ख्वान' हे म्हणे टोपणनाव. म्हणजे ऐसपैस, मोठ्या मनाचा. माणूस वागायला तसा होता आणि दारूचा शौकीनही.

माणसं लहान का, याचं उत्तर क्वो शी या थोड्या नंतरच्या चित्रकाराच्या लिखाणात आहे असं मला वाटतं. रात्री सविस्तर लिहिते, आता कुकर लावायचाय.

ढगफुटी
मसीपात्र ताई, दंडवत. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आम्ही इथेच बसलोय.

कातळवाट
मसीपात्र, एक विचारतो. मग सह्याद्रीला कुठला त्सुन लागेल? आपला काळा बसाल्ट, आडवे थर एकावर एक, मध्येच ताशीव कडा. पावसाच्या थेंबांनी होईल?

मसीपात्र
काय सुंदर प्रश्न आहे! मी हाच खेळ लोणावळ्याला बसून खेळले होते.

थेंबांनी नाही जमत. थेंबांनी खडक खरखरीत आणि अखंड वाटतो, ग्रॅनाइटसारखा. आपल्या कड्यांना कुऱ्हाडीचे घाव छान बसतात, विशेषतः पावसाळ्यात ओला काळा कडा असतो तेव्हा. पण थरांसाठी आणखी एक त्सुन आहे, 'घडी घातलेल्या पट्ट्याचा'. कुंचला आडवा ओढत न्यायचा आणि एकदम काटकोनात खाली वळवायचा, पुन्हा आडवा. युआन काळातला नी त्सान हा वापरायचा, थायहू सरोवराच्या काठच्या थरांच्या खडकांसाठी. आपले डोंगर म्हणजे तोच जिना. मी दोन्ही मिसळून तैलबैलाच्या भिंती करून पाहिल्या. थरांचा भाग जमला, भिंतींचा अजून जमायचाय.

वामनकाका
हे वाचून चष्मा पुसून पुन्हा चित्र उघडलं. ठिपके दिसले. आधी मला तो छपाईचा दोष वाटला होता.

तैपेईकर
नमस्कार. सध्या मुक्काम शिन्चू, त्याआधी सहा वर्षं तैपेई, म्हणून हे नाव. मी हे चित्र प्रत्यक्ष पाहिलंय. २०१५ साली फान ख्वान आणि त्याच्या परंपरेवर प्रदर्शन भरलं होतं तेव्हा.

एक गोष्ट फोनवर कळत नाही. चित्र २०६ सेंटिमीटर उंच आणि १०३ रुंद आहे. घराच्या दाराएवढं! त्याच्यापुढे उभं राहिलं की आपण चित्र 'बघत' नाही, त्याच्या दारात उभे असतो. रांगेमुळे दोन मिनिटंच मिळाली, मग मी पुन्हा रांगेत उभा राहिलो. तीनदा. तिसऱ्यांदा फक्त खेचरांकडे बघितलं. त्या आकारात ती मुळीच मुंगीएवढी नाहीत. पाय दिसतात, लादलेलं सामान दिसतं. पुढे एक माणूस, मागे एक.

आणि रंग. सगळे 'काळं-पांढरं' म्हणतात, पण रेशीम आता चहाच्या पाण्यासारखं तपकिरी झालंय. शाईबरोबर मुळात फिकट रंगही आहेत. हजार वर्षांपूर्वी ते कसं उजळ दिसत असेल याचा विचार करून बघा.

दवबिंदू
तुमचा हेवा वाटतोय. आणि सहीबद्दल सांगा ना. तिथल्या दुकानातल्या पुस्तिकेत चित्रात सही लपलेली आहे असं वाचलं, पण कुठे ते कळलं नाही.

तैपेईकर
खेचरांच्या मागे, अगदी उजवीकडे तळाशी झाडी आहे ना, तिच्या पानांत. 'फान ख्वान' अशी दोन अक्षरं. पानांसारखीच काढलेली, त्यामुळे नजर घसरून जाते. शतकानुशतकं कुणाला दिसली नाहीत. १९५८ साली संग्रहालयातल्या ली लिन-त्सान यांना सापडली. तेव्हा संग्रहालयाची आजची इमारत नव्हती, ती १९६५ची. सगळा संग्रह थायचुंगजवळ पैकोऊ नावाच्या गावी गोदामात होता.

ली लिन-त्सान यांची मला भारी वाटणारी गोष्ट म्हणजे त्यांनी आधी युन्नानमधल्या नाशी लोकांच्या चित्रलिपीचा अभ्यास केला होता. ज्या माणसाने वर्षानुवर्षं चित्रांत अक्षरं वाचली, त्यालाच पानांत अक्षरं दिसली.

ढगफुटी
सापडली! म्हणजे सही. वीस मिनिटं लागली. बायको विचारतेय इतका वेळ झाडांत काय शोधतोस. आता तीही शोधतेय.

उलटतपासणी
सही नंतर कुणी घातली नसेल कशावरून? जुन्या चित्रांत असं सर्रास होतं. व्यापारी घालायचे.

तैपेईकर
शंका रास्त आहे. पण विकण्यासाठी घातलेली सही लोकांना दिसेल अशी घालतात. पानांत लपवून कोण घालेल? शिवाय त्या काळात सही करायची पद्धतच फारशी रुळली नव्हती, करायची तर खडकाच्या भेगेत नाहीतर झाडाच्या बुंध्याशी. चित्राच्या वरच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत चित्रकाराचं नाव आहेच, पण ते मिंग काळातल्या तोंग छी-छांगने लिहिलेलं, म्हणजे सहाशे वर्षांनंतरचं. तो त्याचा अभिप्राय झाला. पानांतली अक्षरं सापडल्यावर त्या अभिप्रायाला आधार मिळाला.

उलटतपासणी
'लपवून कोण घालेल' हा युक्तिवाद मान्य. शंका अर्धी मागे घेतो.

अबोलीची_फुलं
सहीची जागा पाहून मला वेगळंच काहीतरी वाटलं. तो स्वतः वाटसरूंच्या पाठोपाठ आहे. त्यांच्या मागून चालत येणारा तिसरा. डोंगरावर नाव कोरलं नाही त्याने, वाटेवरच्या झाडात ठेवलं.

दवबिंदू
अबोली, अंगावर काटा आला.

शून्यवेध
चर्चा छान आहे, पण मूळ गोष्ट राहतेय. ही झेन चित्रकला. रिकामी जागा हाच तिचा विषय. धुकं म्हणजे शून्य. माणूस शून्यात विरघळायच्या मार्गावर आहे, म्हणून लहान.

मसीपात्र
शून्यवेध, इथे थांबवते. चिनी शाईचित्र दिसलं की झेन म्हणायची सवय आपल्याला पाश्चात्त्य पुस्तकांनी लावली. झेनशी जवळची चित्रं आहेत, नंतरची, मोजक्या फटकाऱ्यांची. हे चित्र त्यातलं नाही. यात रिकामी जागा आहे कुठे? डोंगराने कागद फोडलाय, म्हणजे रेशीम. कोपरा न् कोपरा भरलेला आहे.

या चित्रप्रकाराचं चिनी नाव शानश्वेइ, म्हणजे पर्वत आणि पाणी. दोन भरीव शब्द. आता क्वो शी. फान ख्वाननंतर पन्नासेक वर्षांनी दरबारातला मोठा चित्रकार. त्याचं १०७२चं 'वसंताची चाहूल' याच संग्रहालयात आहे, सही-तारखेसकट. त्याची शिकवण त्याच्या मुलाने लिहून ठेवली. त्यात धुक्याबद्दल रोखठोक सांगितलंय. डोंगर उंच दाखवायचा असेल तर सगळा दाखवू नका, धुक्याने त्याची कंबर बांधा, मग तो उंच होतो. ही कारागिराची युक्ती आहे, शून्यबिन्य काही नाही. पाणी ही डोंगराची रक्तवाहिनी, झाडंझुडपं त्याचे केस, धुकं त्याच्या चेहऱ्यावरचं तेज, असंही तो म्हणतो. डोंगर त्याच्यासाठी जिवंत अंग होतं.

आणखी एक, वामनकाकांच्या मुद्द्याजवळ जाणारं. मोठा डोंगर हा बाकीच्या टेकड्यांमध्ये दरबारातल्या सम्राटासारखा बसलेला असतो असं तो लिहितो. म्हणजे या डोंगरात राज्यव्यवस्थाही आहे. पाचेक दशकांची बेबंदशाही संपून ९६० साली सुंग घराणं आलं. मधोमध ठाम बसलेला एकच डोंगर त्या पिढीला किती हवाहवासा वाटला असेल!

शून्यवेध
झेनबद्दल चूक मान्य. पण शून्याचा मुद्दा पूर्ण सोडत नाही. धुक्याच्या जागी त्याने काहीच काढलेलं नाही, कोरं रेशीम सोडलंय. न काढता काढलेलं आहे ते. कारागिराची युक्ती असली तरी तिच्यामागे काही विचार असेलच.

मसीपात्र
एवढं मलाही मान्य. कोरं सोडायला सगळ्यात जास्त हिंमत लागते, हातात कुंचला असताना.

सुलभा_क
अवांतर विचारू का? कुंचले कसल्या केसांचे असतात? नातवासाठी घ्यायचेत, दुकानदार म्हणाला लांडग्याचे.

मसीपात्र
सुलभाताई, नाव 'लांडग्याचे केस' असलं तरी लांडगा नव्हे तो. मुंगसासारखा दिसणारा एक छोटा प्राणी आहे, त्याच्या शेपटीचे केस. टोकदार आणि ताठ. बकरीच्या केसांचा मऊ असतो, पाणी खूप धरतो. नातवाला मिश्र केसांचा घ्या. आणि सुरुवातीला महागडा कागद नको. खरा श्वेन कागद आन्हवेइ प्रांतातल्या एका झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांचा असतो, शाई लगेच पसरते, मुलं हिरमुसतात. वर्तमानपत्रावर दगड काढू दे आधी.

सुलभा_क
धन्यवाद गं. बटाटे काढेल सुरुवातीला.

कातळवाट
खेचरांवर येतो. हा व्यापारी तांडा आहे ना? मला नाणेघाट आठवतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा रस्ता, कोकणातल्या बंदरांवरून जुन्नरला चढणारा. वर लेण्यात शिलालेख, घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. आपल्याकडे खेचरांऐवजी बैल आणि पाठीवर गोणी, लमाणांचे तांडे तर परवापरवापर्यंत होते. पण आपल्या कुणी ती माणसं घाटासकट एवढी मोठी रंगवली नाहीत. आपण लेणी कोरली, डोंगराच्या आत गेलो. चीनने डोंगर बाहेरून काढला.

अबोलीची_फुलं
प्रवासी सगळेच व्यापारी नसतात पण. त्याच संग्रहालयात एक हिरव्या-निळ्या खनिज रंगांतलं जुनं चित्र आहे. टोकदार डोंगर, लाकडी पूल, घोड्यांवरून निघालेला ताफा. वाटतं वसंतातली सहल. पण तो थांग सम्राट श्वानत्सुंग, आन लूशानच्या बंडामुळे ७५६ साली राजधानी सोडून शूकडे, म्हणजे आजच्या सिच्वानकडे पळतोय. एवढ्या सुंदर डोंगरांतून एवढं दुःख चाललंय, आणि डोंगरांना त्याचा पत्ता नाही.

तैपेईकर
आणि चित्रांचा स्वतःचा प्रवास. १९३३मध्ये जपानी सैन्याच्या भीतीने पेकिंगच्या राजवाड्यातून पेट्या निघाल्या. युद्धभर आगगाड्या, ट्रक, नावा असं करत आतल्या प्रांतांतून फिरल्या. १९४८-४९मध्ये राजवाड्याच्या संग्रहातल्या २,९७२ पेट्या समुद्र ओलांडून तैवानला आल्या. त्यात आपली ही चार खेचरंही होती.

ढगफुटी
खेचरं हजार वर्षं चालतायत आणि अजून चित्राच्या डाव्या कडेला पोचली नाहीत. कुणीतरी चारा द्या त्यांना.

उलटतपासणी
मसीपात्र, क्वो शीच्या लिखाणातलं 'लहान का' याचं उत्तर राहिलं. तुम्ही रात्री लिहिते म्हणाला होतात, त्यालाही आता दोन रात्री झाल्या.

मसीपात्र
खरंय, विसरले नव्हते. वही शोधत होते.

क्वो शी म्हणतो, डोंगर झाडापेक्षा मोठा, झाड माणसापेक्षा मोठं. डोंगर झाडाच्या कित्येक पट झाल्याशिवाय तो मोठा वाटत नाही, आणि झाड माणसाच्या कित्येक पट झाल्याशिवाय ते मोठं वाटत नाही. मग तो खाली उतरतो. झाड मोजायचं पानावरून आणि माणूस मोजायचा डोक्यावरून. इतकी पानं मिळून एक डोकं. तिथून माणूस, माणसावरून झाड, झाडावरून डोंगर. सगळ्यांची मापं या एका मापातून निघतात.

याहून जुना एक नियम वांग वेइ या जुन्या कवी-चित्रकाराच्या नावावर चालत आलाय. डोंगर एक चांग, झाड एक छी, घोडा एक त्सुन, माणूस एक फन. (हा त्सुन मापाचा, फटकाऱ्यांचा वेगळा.) प्रत्येक माप आधीच्या मापाचा दहावा भाग.

म्हणजे माणूस क्षुद्र म्हणून लहान नाही. तो मोजपट्टी आहे. त्याला झाकून पाहा, डोंगर लगेच दोन फुटांचा बागेतला दगड होईल.

उलटतपासणी
थांबा, गणित जमत नाही. चांग, छी, त्सुन, फन या हिशेबाने माणूस डोंगराच्या हजाराव्या भागाएवढा हवा. चित्रातला डोंगर सव्वा-दीड मीटर धरला तर माणूस दीड मिलिमीटरसुद्धा नाही. पण तैपेईकर म्हणतात की पाय आणि सामान दिसतं. म्हणजे नियम मोडलाय. शिवाय माणसं पुढे आहेत, डोंगर मागे. जवळच्या वस्तूने लांबची वस्तू कशी मोजणार? मध्ये धुकं, अंतर किती ते माहीत नाही. पट्टी आणि कापड वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्यासारखं झालं हे.

कातळवाट
हा आक्षेप मात्र भक्कम आहे. मी काल रात्री चित्र मोठं करून तासभर बसलो, त्याचं उत्तर त्याच्या डोंगरमाथ्यावर आहे असं वाटतं.

माथ्यावर काय आहे पाहा. दाट झुडपं. पण ती झुडपं नाहीत, झाडं आहेत. खालच्या वाटेवर माणसाशेजारी झाड आहे, त्यामुळे झाड केवढं ते कळतं. मधल्या टेकडीवर, मंदिराभोवती, झाडं आहेत, पण लहान दिसतात, म्हणजे ती टेकडी इतकी लांब. आणि माथ्यावर झाडांचं नुसतं शेवाळ झालंय. म्हणजे माथा केवढा उंच! माणूस डोंगर मोजत नाही. माणूस पहिलं झाड मोजतो, मग झाडच झाडाला मोजत वर जातं. धुक्यातून पट्टी वर जाते ती झाडांच्या रूपाने.

ट्रेकला आम्ही हेच करतो. समोरचा कडा किती उंच ते कळत नाही, मग त्याच्यावरचं एखादं झाड शोधतो. ते उंबर असेल तर कडा एवढा, आणि कारवीचं झुडूप असेल तर तेवढा.

मसीपात्र
कातळवाट! 'मी फू' नावाचा सुंग काळातला एक फटकळ समीक्षक-चित्रकार फान ख्वानबद्दल हेच लिहून गेलाय, की त्याला डोंगरमाथ्यावर दाट रान काढायला आवडतं आणि पाण्याच्या कडेला मोठे खडक. त्याने म्हाताऱ्या फान ख्वानवर टीकाही केली, की शाई इतकी वापरतो की माती कुठली आणि दगड कुठला कळत नाही. पण माथ्यावरच्या रानाची नोंद केली. ते रान कशासाठी, हे मला आज कळलं.

उलटतपासणी
आक्षेप मागे. झाडांची साखळी पटली. पूर्ण पटली.

वामनकाका
माझा पहिला प्रतिसाद मीही मागे घेतो. विश्वरूपात अर्जुनाचं माप हरवतं, इथे माप सापडतं.

परसबाग
बरेच दिवस वाचतेय, आज पहिल्यांदा लिहिते.

माझे वडील, आमचे अण्णा, ८१ वर्षांचे. तरुणपणी सगळा सह्याद्री पायी घातलेला. हरिश्चंद्रगड तर किती वेळा ते त्यांनाच आठवत नाही. गेल्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून पलंगावर. बोलणं कमी झालंय, खिडकीकडे बघत राहतात. त्यांना या चित्राची प्रत दाखवावी असं वाटतंय. पण मन कचरतं. चालता न येणाऱ्या माणसाला वाटसरूंचं चित्र दाखवणं क्रूर होईल का?

मसीपात्र
परसबाग, मुळीच नाही होणार. उलट या चित्रकलेची सुरुवातच तिथे आहे असं म्हणता येईल.

फान ख्वानच्याही साडेपाचशे-सहाशे वर्षं आधी त्सुंग पिंग नावाचा एक माणूस होता, ३७५ ते ४४३. आयुष्यभर डोंगर फिरला. म्हातारपणी आजाराने चालणं थांबलं, तेव्हा घरी परतून त्याने फिरलेले सगळे डोंगर खोलीच्या भिंतींवर काढले. म्हणायचा, आता पडल्या पडल्या फिरेन. 'वो-यौ' असा शब्दच आहे चिनीत, पडून केलेला प्रवास. डोंगरचित्रांवरचा सर्वांत जुन्यांपैकी एक निबंध त्याचा आहे. त्यात तो म्हणतो, तीन इंचांच्या उभ्या रेघेत हजारो हातांची उंची मावते.

अण्णांना दाखवाच.

कातळवाट
आणि फोनवर नको. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठी प्रत मिळते, ती छापून घ्या. जेवढी मोठी तेवढी चांगली.

तैपेईकर
शक्य असेल तर खऱ्या मापात छापा, २०६ बाय १०३. कापडावर छापून देतात हल्ली. पलंगावरून बघायचं म्हणजे तळ अण्णांच्या नजरेच्या रेषेत येऊ दे. वाटसरू समोर आले पाहिजेत, डोंगर त्यांच्या डोक्यावर.

अबोलीची_फुलं
परसबाग, नंतर इथे नक्की सांगा.

परसबाग
अकरा दिवसांनी लिहितेय.

कापडावर छापून घेतलं, खऱ्या मापात. पलंगासमोरचं कपाट हलवून भिंतीवर लावलं. अण्णांना काही सांगितलं नाही. पहिला दिवस नुसते बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना म्हणाले, "धबधब्याचा आवाज त्यांना वळणावरच आला असेल." मी विचारलं कुणाला, तर बोटाने खेचरंवाल्यांकडे दाखवलं. म्हणजे त्यांनी स्वतःहून शोधली होती.

मग रोज काहीतरी. मागचा माणूस थकलाय. मुक्काम देवळात करतील, पण त्या वाटेने अंधाराच्या आत पोचायचं नाही. माथ्यावर जायची वाट घळीतून असणार, पावसाळ्यात बंद. काल भावाला फोन करून बोलावून घेतलं आणि त्याला हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेचं वर्णन केलं, दगडादगडासकट. चाळीस मिनिटं बोलले. एवढं बोलले नव्हते वर्षभरात.

सही अजून सांगितलेली नाही. ती त्यांना आपणहून सापडू दे म्हणते.

आज विचारत होते, याच्यापुढचं कुठलं? म्हणजे पुढचा डोंगर कुठला. काय छापू?

मसीपात्र
क्वो शीचं 'वसंताची चाहूल'. थोडं आखूड आहे, १५८ बाय १०८, त्याच भिंतीवर मावेल. नुकतं धुकं वितळतंय, वाटा जागोजाग फुटतात आणि माणसं पाण्याच्या काठाला आहेत. डावीकडे एक बाई मूल घेऊन नावेतून उतरलीय. क्वो शी म्हणायचा, काही डोंगर नुसते बघण्याजोगे असतात, काही चालण्याजोगे, पण खरे ते की ज्यांत हिंडावं आणि राहावं. अण्णांना मुक्कामाच्या जागा शोधायला सांगा.

दवबिंदू
परसबाग, माझी प्रत पण काढते बाहेर. आतापर्यंत गुंडाळूनच ठेवली होती.

परसबाग
'वसंताची चाहूल' उद्याच छापायला टाकते. पहिलं काढायचं नाही म्हणालेत. दोन्ही शेजारी लावायची आहेत, कपाट आता बाहेरच्या खोलीत जाईल.